आमचे पुअर अप्पा

विद्यालक्ष्मी मंगळवारी आणि शनिवारी चेन्नईबाहेरच्या ओरगडमला इंग्रजी शिकवायला जात असे. तिथे गाड्यांचे दिवे बनवणारा एक कारखाना आहे आणि त्यात तैवानहून आलेले अकरा इंजिनियर आहेत. दिव्यांतलं त्यांना सगळं कळतं. कारखान्यातल्या तमिळ कामगारांशी बोलायचं म्हटलं की मात्र अकराही जण हातवारे करायला लागत. शेवटी कंपनीनं मैलापूरहून विद्याला बोलावलं. दीड तास जायला, दीड तास यायला. व्हॅनमध्ये झोप छान लागायची, ही त्या नोकरीतली तिची आवडती गोष्ट.

अकरा जणांत सगळ्यात मेहनती होता लिन चिया-वेन. वय अडतीस, काम क्वालिटी तपासण्याचं. दिव्याच्या काचेवर केसाएवढा ओरखडा असला तरी त्याला लांबून दिसायचा. त्याची एक वही होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा चिनी अर्थ. एका शब्दासमोर एकच अर्थ. विद्यानं एकदा सुचवलं, की काही शब्दांसमोर थोडी जागा सोडत जा, पुढे दुसरा अर्थ भेटतो. लिननं नम्रपणे मान हलवली आणि म्हणाला, "टीचर, एका पार्टला एकच नंबर असतो. दोन नंबर झाले तर लाइन थांबते."

विद्याला काही ते पटलं नाही.

आता विद्याच्या घरचं सांगायला हवं. ती आणि तिचे वडील वसंतराव, दोघंच मैलापूरच्या एका फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत. टी. आर. वसंतराव, वय चौऱ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त. घराणं मूळचं तंजावरचं. त्यांच्या मराठीत 'जाहले' आणि 'कोठे' अजून शाबूत होतं आणि त्याच वाक्यात तमिळही बिनदिक्कत येऊन बसायचं. विद्याची आई तीन वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून स्वयंपाकाला बाई होती, पेन्शन व्यवस्थित होती, आणि वसंतराव तंजावरी मराठी लोकांच्या मंडळाचे अध्यक्ष होते. थोडक्यात, त्यांना कशाची म्हणून ददात नव्हती.

फक्त त्या डिसेंबरात तीन गोष्टी एकदम झाल्या. एक, दंतवैद्यानं त्यांचे उरलेसुरले सात दात काढले; कवळी यायला तीन आठवडे होते, तोवर मऊ रसमभात. दोन, चष्म्याची काडी तुटली आणि ती त्यांनी दोऱ्यानं बांधली, कारण नव्या चष्म्याचा नंबर कवळी बसल्यावर काढू, असं त्यांचं म्हणणं. दातांचा आणि डोळ्यांचा काय संबंध, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. आणि तीन, घराचं रंगकाम काढलं. सगळं सामान खालच्या मजल्यावर श्रीलक्ष्मी मामींकडे हलवलं, रंगारी सुब्बानं हॉलचे पंखे उतरवले, आणि बापलेक चटईवर झोपायला लागले.

चेन्नईत राहणारा माणूस दिवसातून पंधरा वेळा 'पावम्' म्हणतो. कोणाची बस चुकली, पावम्. मांजर भिजलं, पावम्. सुनेला सासू वाईट मिळाली, पावम्. सासूला सून वाईट मिळाली, तरी पावम्. विद्याच्या जिभेवरही हा शब्द जन्मापासून होता, आणि ती इंग्रजी बोलायला लागली की त्याचा 'पुअर' होऊन बाहेर पडायचा. वर्गात 'रविवारी तुम्ही काय केलं?' असा सराव असायचा. आधी टीचरनं सांगायचं, मग विद्यार्थ्यांनी. त्या तीन आठवड्यांत टीचरनं सांगितलेलं असं:

"माय पुअर फादर फक्त रसमभात खातो."

"माय पुअर फादर जमिनीवर झोपतो."

"पुअर मॅन, त्याला एकही दात नाही."

लिननं वही उघडून पाहिलं. पुअर, आणि समोर 'छ्युंग'. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत असा. त्यानं वही मिटली. एवढ्या हुशार टीचरच्या घरी ही परिस्थिती, आणि टीचर ती रडतबिडत नाही, हसत सांगते!

पुढच्या रविवारी लिन मैलापूरचं देऊळ पाहायला येणार होता. विद्यानंच त्याला सांगितलं होतं, की चार वाजता घरी कॉफीला ये. तैवानची माणसं वेळेआधी येतात हे तिला ठाऊक होतं, पण तो पस्तीस मिनिटं आधी येईल असं वाटलं नव्हतं. ती कॉफीची पूड आणायला कोपऱ्यावर गेली होती. दार वसंतरावांनी उघडलं. अंगात बनियन, त्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके, नाकावर दोरा बांधलेला चष्मा.

"वेलकम," ते म्हणाले. दात नसल्यामुळे ते 'वेल्हम' असं ऐकू आलं.

लिननं आत पाहिलं. खोलीत काहीच नव्हतं. एका भिंतीला दोन चटया गुंडाळून उभ्या होत्या. छतावर पंख्याच्या जागी एक वायर लोंबत होती.

"सर, खुर्ची नाही?"

"सगळं गेलं," वसंतराव म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, खाली गेलं. "आता या भिंती तेवढ्या उरल्या."

"पंखा?"

"तोही काढून नेला."

लिननं विचारलं, "सर, आज काय जेवलात?"

"रसमभात."

"आणि काल?"

"रसमभातच. आज अठरा दिवस जाहले." मग पाहुण्याचा चेहरा उतरलेला पाहून वसंतराव त्याला धीर देण्यासाठी म्हणाले, "देवाच्या कृपेनं निभावतंय. तक्रार नाही."

लिननं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. वसंतरावांना वाटलं, तिकडची पद्धत असेल. मग लिननं विचारलं, एक फोटो काढू का? वसंतरावांना फोटोचं वावडं नव्हतं. बोळकं दिसू नये म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले, त्यामुळे गाल आत गेले, आणि ते कॅमेऱ्याकडे अशा मुद्रेनं पाहू लागले की कोणीही चटकन खिशात हात घालावा.

विद्या पूड घेऊन आली तेव्हा लिन उभ्याउभ्या निघाला होता. "टीचर, कॉफी नको. ती फादरला द्या," एवढं म्हणून तो जिना उतरला. विद्याला जरा चमत्कारिक वाटलं.

"काय जाहले त्याला?" तिनं विचारलं. घरी तीही 'जाहले'च म्हणायची.

"सज्जन माणूस," वसंतराव म्हणाले. "पण फार हळवा. पावम्."

त्यानंतरच्या मंगळवारी वर्ग झाला, पण सगळे विद्यार्थी विद्याशी जरा जास्तच हळू आवाजात बोलत होते. चौघांनी आपला डबा तिच्यापुढे सरकवला. वर्षअखेर आली म्हणून यांना घरची आठवण येत असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

खरी भानगड अशी होती, की लिन सोमवारी रंजनीकडे गेला होता. रंजनी म्हणजे कंपनीतली समाजसेवेचं खातं सांभाळणारी बाई. त्या तिमाहीत तिला दाखवायला एकही उपक्रम नव्हता. एका तलावाची साफसफाई ठरली होती, तर तलावाच्या मालकीवरूनच दोन खात्यांत पत्रव्यवहार चालू होता. अशा वेळी लिन एक फोटो घेऊन आला. रंजनीनं फोटो पाहिला. इतका गरीब चेहरा तिनं तिच्या नोकरीत पाहिला नव्हता. कोणाचे वडील, काय, कुठे, हे विचारायच्या आधीच तिनं फ्लेक्सवाल्याला फोन लावला होता.

शनिवारी वर्गाला सुट्टी दिल्याचा निरोप विद्याला आला. आणि सकाळी साडेदहाला तिच्या गल्लीत एक टेम्पो शिरला.

टेम्पोच्या बाजूला सहा फूट बाय चार फुटांचा फ्लेक्स. त्यावर बोळकं मिटून बसलेले वसंतराव, डोक्याभोवती निळं तेजोवलय, आणि खाली तमिळमध्ये आणि इंग्रजीत ठळक अक्षरं: 'हेल्प अवर पुअर फादर.' त्याखाली, 'श्री. टी. आर. वसंतराव, वय ७४.' टेम्पोत तांदळाची दोन पोती, तेलाचे डबे, एक पंखा, एक गादी, राइस कुकर, मऊ नूडल्सची तीन खोकी, आणि अकरा इंजिनियर. गल्लीतली माणसं गोळा झाली. इस्त्रीवाला इस्त्री उभी करून आला.

वसंतरावांना आदल्या दिवशीच कवळी मिळाली होती. ते श्रीलक्ष्मी मामींच्या बाल्कनीत आपल्याच खुर्चीत बसून चोवीस दिवसांनी पहिला वडा खात होते. खाली गलका ऐकून त्यांनी वाकून पाहिलं. खालून सहा फुटांचे वसंतराव वर बघत होते.

"विद्या," ते अगदी शांतपणे म्हणाले, "मी वारलो काय?"

विद्या धावत जिना उतरली. मागोमाग वसंतराव, कमरेची वेष्टी सावरत, हातात अर्धा वडा. लिन पुढे आला, त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला, खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली.

"आदरणीय पुअर फादर. तुम्ही पुअर आहात यात तुमची चूक नाही..."

"कोण पुअर?" वसंतराव गरजले. कवळी नवी असल्यामुळे प्रत्येक शब्दाला बारीक शिट्टी वाजत होती. "मी खात्यातून सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर जाहलो! माझ्या हाताखाली एकशे चाळीस माणसं होती! ह्याला कोणी सांगितलं मी पुअर?"

लिननं कागदावरून मान वर केली. मग अत्यंत संकोचानं त्यानं विद्याकडे बोट दाखवलं.

गल्ली विद्याकडे वळली. इस्त्रीवाला म्हणाला, "अय्यो."

"टीचर दर आठवड्याला सांगतात," लिन म्हणाला. "माय पुअर फादर. सोळा वेळा. मी लिहून ठेवलंय."

विद्याला क्षणभर काही कळेना, आणि मग सगळं एकदम कळलं. डबे, हळू आवाज, न घेतलेली कॉफी. तिला हसू इतकं आलं की ते दाबायला तिनं तांदळाच्या पोत्याला टेकून तोंडावर पदर धरला. रंजनीला वाटलं ती रडतेय, आणि तिनं तोही फोटो काढला.

"लिन," विद्या शेवटी म्हणाली, "पुअरचे दोन अर्थ आहेत. एक, पैसे नाहीत असा. दुसरा, ज्याच्याबद्दल आपल्याला वाईट वाटतं असा. मी दुसरा म्हणत होते."

लिननं वही काढली, पोत्यावर ठेवली, पान शोधलं. 'पुअर'समोर छ्युंग. पुढे जागाच नव्हती. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. मागचे दहा इंजिनियर आपल्या बुटांकडे बघायला लागले. इतक्या लोकांसमोर माणसाची चूक उघडी पडणं त्यांच्याकडे फार वाईट समजतात. आपल्याकडेही काही चांगलं समजत नाहीत.

वसंतरावांनी तो लाल चेहरा पाहिला. त्यांचा राग अजून उतरला नव्हता, पण चाळीस वर्षं त्यांनी खात्यातल्या पोरांच्या इंग्रजी अर्जांवर लाल शाई चालवली होती, आणि तो जुना स्वभाव रागापेक्षा बळकट निघाला. उरलेला वडा त्यांनी इस्त्रीवाल्याच्या हातात दिला आणि लिनचं पेन घेतलं.

"नीट ऐक. आमच्या मराठीत याला दोन शब्द. पैसे नाहीत तो गरीब. वाईट वाटतं तो बिचारा. तमिळमध्येही दोन. एक एळै, दुसरा पावम्. तुमच्यात?"

"दोन," लिन पुटपुटला. "छ्युंग. आणि ख-लियेन."

"मग लिही."

लिननं समासात बारीक अक्षरांत लिहिलं. मग त्याला शंका आली. वाकून नमस्कार केल्यावर शंका विचारणं त्याला जरा जड गेलं, पण तो क्वालिटीवाला होता. "सर, ऐकताना कळायचं कसं? कुठला पुअर?"

प्रश्न चांगला होता. वसंतराव खूश झाले. "'ही इज पुअर' असं वाक्याच्या शेवटी आलं, तर समजायचं पैसे नाहीत. 'पुअर फादर' असं नावाच्या आधी आलं, तर काही सांगता येत नाही. तिथे बोलणाऱ्याचा सूर ऐकायचा, आणि ज्याच्याबद्दल बोलतायत त्याचं तोंड बघायचं."

"तोंड बघितलं, सर," लिन म्हणाला. "तोंड फार पुअर होतं."

सगळ्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. वसंतरावांनीही पाहिलं. श्रीलक्ष्मी मामींच्या बाल्कनीतून हसण्याचा एक मोठा आवाज आला.

लिन विचारात पडला होता. "चिनीत दोन शब्द. मराठीत दोन. तमिळमध्ये दोन. इंग्रजीत एकच." त्यानं वहीकडे पाहिलं. "सर, इंग्लिश इज पुअर."

"वाक्याच्या शेवटी," वसंतराव म्हणाले. "बरोबर."

आता सामानाचा प्रश्न. रंजनीनं भीत भीत विचारलं, की सरांनी फक्त पोतं हातात धरून एक फोटो दिला तर तिचा अहवाल पूर्ण होईल. वसंतरावांनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मामींनी वरून सांगितलं, की मागच्या रस्त्यावर वृद्धाश्रम आहे, तिथे तांदूळ कधी नको नसतो. टेम्पो तिकडे वळला. मऊ नूडल्स तिथे फार आवडल्या असं नंतर कळलं.

फ्लेक्स रंगारी सुब्बानं मागून घेतला. "सार, जमिनीवर अंथरायला चांगला आहे. रंगाचा एक थेंब खाली जाणार नाही." वसंतरावांनी परवानगी दिली, फक्त चेहऱ्याची बाजू खाली करून अंथर, अशी अट घातली. सुब्बानं अट पहिले दोन तास पाळली.

एक खुर्ची तेवढी राहिली. घडीची, निळ्या कापडाची. ती कंपनीची नव्हती, लिननं स्वतः आणली होती. तो ती काखेत घेऊन उभाच होता. परतही नेववेना आणि देववेनाही. वसंतरावांनी ती त्याच्याकडून घेतली, जिन्याखाली उघडली आणि तीत बसले. "कंबरेला बरी आहे," ते म्हणाले. लिन पुन्हा वाकला, या वेळी जरा हलक्यानं.

संध्याकाळी वसंतराव कॉफीचा पेला हातात घेऊन बसले होते. मग म्हणाले, "सोळा वेळा?"

"अप्पा, ते आपलं पावम् हो. सगळेच म्हणतात."

"गरीब म्हटलं असतंस तर मला चाललं असतं. गरिबी असते लोकांना, त्यात काय? पण बिचारा?" त्यांनी कॉफी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतली. ती केव्हाच निवली होती. "मी बिचारा कधीपासून जाहलो?"

विद्याला चटकन 'नाही हो' म्हणायचं होतं, पण तिला आठवायला लागलं. आई गेल्यानंतरच्या महिन्यात कोणीतरी विचारलं, अप्पा कसे आहेत, आणि ती म्हणाली होती, पावम्. तेव्हा ते खरं होतं. त्यानंतर तीन वर्षं ती तेच म्हणत राहिली होती. दरम्यान अप्पा मंडळाचे अध्यक्ष झाले, मामींकडून मोबाइलवर तिकिटं काढायला शिकले, रंगाची छटा सात दुकानं हिंडून ठरवली. तिनं वाक्य काही बदललं नव्हतं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

"चुकलं ते चुकलं. पण त्या अकरा माणसांच्या वह्यांत मी तसाच राहणार." वसंतराव उठले. "मंगळवारी व्हॅन किती वाजता?"

मंगळवारी ते सहालाच तयार होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, नवा चष्मा, पूर्ण कवळी. व्हॅनमध्ये त्यांनी विद्याला झोपू दिलं नाही. पूनमल्लीपर्यंत क्रियापदं आणि पुढे ओरगडमपर्यंत टेलिफोन खातं. वर्गात शिरल्यावर अकराही जण ताडकन उभे राहिले. वसंतरावांनी फळ्यावर स्वतःचं नाव सगळ्या आद्याक्षरांसकट लिहिलं आणि पाऊण तास बोलले. एकशे चाळीस माणसं हाताखाली असण्याचा उल्लेख तीनदा आला. विद्या मागच्या बाकावर बसून ऐकत होती. ते मजेत होते. त्यांना कोणी थांबवावं असं तिला मुळीच वाटलं नाही.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. लिननं हात वर केला. त्याची नवी वही होती, प्रत्येक शब्दापुढे भरपूर कोरी जागा सोडलेली.

"सर, आज टीचरनी तुमची ओळख करून दिली तेव्हा म्हणाल्या, 'माय डिअर फादर.' मी डिक्शनरीत बघितलं. डिअर म्हणजे महाग." त्यानं आधी वसंतरावांचं तोंड नीट निरखलं, मग विद्याचं. "तुम्ही महाग फादर आहात का?"

वसंतरावांनी खडू खाली ठेवला. कवळीला झालेला खर्च, चष्मा, हॉलचा रंग, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

"टीचरला विचार," ते म्हणाले. "मला वाटतं, दोन्ही अर्थ लिही."